दोन महिन्यांत मंदावलेली गिरकी

धूमकेतू स्वतःभोवती किती तासांत फिरतो हे मोजायचं, तर पहिली अडचण अशी की जे फिरतं ते दिसतच नाही. फोटोत जो हिरवट गोळा येतो तो नुसता वायू आणि धूळ. खरा धूमकेतू म्हणजे बर्फ-मातीचा गाभा. तो त्या गोळ्याच्या पोटात कुठंतरी दडलेला असतो.

२०१७ च्या एप्रिलच्या सुरुवातीला ४१पी नावाचा धूमकेतू पृथ्वीपासून सुमारे २ कोटी १२ लाख किलोमीटरवरून गेला. धूमकेतूंच्या हिशेबात हे अंतर फारच थोडं. त्याचा गाभा जेमतेम दीड किलोमीटरचा. आकाशातल्या एका अंशाचे ३६०० भाग केले की एक विकला होते. एवढ्या जवळ येऊनही हा गाभा विकलेच्या सत्तराव्या भागाएवढाच. आपल्या हवेच्या थरथरीनं साधा ताराही विकलाभर पसरट दिसतो, तेव्हा जमिनीवरून गाभ्याचा आकार दिसण्याची बातच सोडा. आणि तरीही २०१८ च्या जानेवारीत ‘नेचर’मध्ये डेनिस बोडेविट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी छापून सांगितलं, की मार्च ते मे २०१७ एवढ्या काळात ४१पीची एक गिरकी वीस तासांवरून शेहेचाळीस तासांच्याही पुढे गेली. कुठल्याही धूमकेतूच्या गिरकीचा वेग याआधी इतक्या झपाट्यानं बदललेला कुणी मोजला नव्हता. पूर्वीच्या मोजणीतल्या सगळ्यात मोठ्या बदलाच्या हा दहापटीहून जास्त होता.

माझा कोल्हापुरात फोटो स्टुडिओ होता. लग्नं, शाळांचे ग्रुप फोटो, पासपोर्ट साइज. नवरीचा जरीचा शालू आणि नवरदेवाचा काळा कोट एकाच ब्रोमाइडवर नीट उतरवायचे, तर एन्लार्जरखाली हात घालून कुठं उजेड अडवायचा आणि कुठं दोन सेकंद जास्त द्यायचा, हे अंगवळणी पडलेलं. १९९७ मध्ये हेल-बॉप धूमकेतू संध्याकाळी नुसत्या डोळ्यांनी दिसायचा, तेव्हा आकाशाचा नाद लागला तो लागलाच. आता स्टुडिओ मुलाकडे आहे. गणिताशी अडलं की भाचीला फोन करतो. ती पुण्यात कॉलेजात फिजिक्स शिकवते. त्यामुळे ही गोष्ट मी सांगणार ती फोटोवाल्याच्या बाजूनं.

फोटोवाल्याला आधी हे पचवावं लागतं, की कॅलेंडरवर शोभणारे लांब शेपटीचे फोटो या कामाला जवळजवळ निरुपयोगी. शेपटीतली धूळ गाभ्यातून कधीच सुटलेली असते. शिवाय मोठे कण हळू, बारीक कण जोरात, वर सूर्यप्रकाशाचा दाब, त्यामुळे गाभ्यानं फिरता फिरता जी काही नक्षी काढली असेल ती धुळीत लवकर विस्कटते. हेल-बॉपसारखा दांडगा धूमकेतू असला तर गोष्ट वेगळी. त्याच्या धुळीची एकात एक अशी कवचं साध्या दुर्बिणीतूनही दिसत होती आणि त्यांवरून गिरकी ११.३ तासांची निघाली. लहान धूमकेतूंच्या बाबतीत वायूकडेच जावं लागतं.

त्यातही सगळे वायू सारखे उपयोगी नाहीत. धूमकेतू हिरवा दिसतो तो दोन कार्बन अणूंच्या रेणूमुळं. गिरकी मोजणारे मात्र बहुतेक वेळा सायनोजेनच्या मागं असतात. कार्बन आणि नायट्रोजनचा एकेक अणू, रसायनवाल्यांच्या भाषेत सीएन. गाभ्यातून निघालेला हायड्रोजन सायनाइड उन्हानं फुटला की हा तुकडा सुटतो. तो सूर्यप्रकाश शोषून घेतो आणि ३८८ नॅनोमीटरच्या आसपास, जांभळ्याच्याही काठावर, परत सोडतो. या रंगात सूर्याचाच उजेड कमी, धुळीनं परतवलेला तर आणखी कमी. त्यामुळं सीएन धुळीतून उठून दिसतो. शिवाय तो बराच टिकतो. गाभ्यापासून हजारो किलोमीटर गेला तरी त्याची नक्षी ओळखू येते.

हा तोच वायू, ज्यानं १९१० मध्ये अर्ध्या जगाची झोप उडवली होती. त्या फेब्रुवारीत हॅलेच्या धूमकेतूच्या वर्णपटात सायनोजेन असल्याची बातमी छापून आली आणि मे महिन्यात पृथ्वी त्याच्या शेपटीतून जाणार असल्याचंही जाहीर झालं. मग काय, धूमकेतूपासून वाचवणाऱ्या गोळ्या विकणारे निघाले, खिडक्यांच्या फटी बुजवणारे निघाले. शेपटीतला वायू इतका विरळ असतो की कुणाला शिंकही आली नाही. गोळ्या विकणाऱ्यांचा धंदा तेवढा झाला. पुढच्या फेरीत, १९८६ मध्ये, मायकेल अहर्न आणि सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियातल्या पर्थ वेधशाळेचे फोटो तपासले आणि त्याच हॅलेभोवती सीएनचे वेगवेगळे फवारे दाखवून दिले. वायू चहूबाजूंनी सारखा न निघता काही ठरावीक ठिकाणांहून जोरात निघतो, हे त्यातून उघड झालं. आणि ठिकाण ठरावीक असेल, तर गाभा फिरताना फवाराही फिरणारच.

हे फोटो काढायला बाजारातला निळा फिल्टर चालत नाही. हेल-बॉपच्या वेळी धूमकेतूंसाठी खास फिल्टरांचा संच तयार झाला. त्यातला सीएनचा फिल्टर ३८७ नॅनोमीटरभोवतीची सुमारे सहा नॅनोमीटरचीच फट उघडी ठेवतो. त्याच्या जोडीला ४४५ नॅनोमीटरजवळचा एक, जिथं कुठलाच वायू फारसा चमकत नाही, म्हणजे उजेड येतो तो निव्वळ धुळीचा. पहिल्या फोटोतून दुसरा प्रमाणात वजा केला की उरतो सीएन. माझ्या कॅमेऱ्याला हे जमत नाही, कारण सेन्सरपुढची काच ३८७ चा उजेड जवळपास सगळाच गिळते. २०१८ च्या डिसेंबरात ४६पी विर्टानन हा धूमकेतू कृत्तिकांजवळून जात होता, तेव्हा माझ्या आठ इंची आरशातून मला मिळाला तो कार्बनचा हिरवा गोळा. देखणा होता. त्यात नक्षीचं नाव नाही.

नक्षी असते, पण बुजलेली. गाभ्यापासून दूर जाताना उजेड इतक्या भरभर कमी होतो, की मधला भाग पांढरा फटक आणि कडा काळ्या. फवारे या उताराच्या पोटात हरवतात. डार्करूममध्ये मी हातानं जे करायचो ते इथं गणितानं करतात. गाभ्याभोवती वर्तुळं कल्पायची, प्रत्येक वर्तुळावरच्या उजेडाची सरासरी काढायची आणि फोटोला तिनं भागायचं. जे सगळीकडे सारखं ते गेलं. जिथं सरासरीपेक्षा जास्त उजेड, तेवढं शिल्लक राहिलं. दुसरी पद्धत स्टीफन लार्सन आणि झ्देनेक सेकानिना यांची. फोटो गाभ्याभोवती थोडे अंश इकडं फिरवायचा, थोडे तिकडं, आणि दोन्ही मूळ फोटोतून वजा करायचे. त्यांनी हॅलेचे १९१० मधले जुने फोटो या पद्धतीनं नव्यानं वाचले.

भाचीला मी ४६पीवर केलेला असला प्रयोग पाठवला, तर ती म्हणाली, “मामा, हे रिटचिंगच झालं की!”

“रिटचिंगमध्ये मी गिऱ्हाइकाला हवं ते करतो. इथं सगळ्या फोटोला एकच नियम लावलाय.”

“नियम एकच आहे, पण तो नियमही फोटोत नसलेलं दाखवतोच ना? ताऱ्यांकडे बघा.”

बघितलं, तर प्रत्येक ताऱ्याच्या दोन्ही बाजूंना एकेक काळा डाग उमटलेला. फिरवून वजा केल्याची ती खूण. ताऱ्याचं तसं होत असेल, तर फवाऱ्याशेजारीही खोटी काळी पट्टी येणार आणि ती कुणाला खरी वाटणार. म्हणून जाणते लोक एकच फोटो दोन-तीन वेगवेगळ्या पद्धतींनी घासूनपुसून बघतात आणि सगळ्यांत जे दिसेल तेवढंच मानतात. हौशी लोकांच्या फोटोंत हल्ली जे सुंदर चक्राकार फवारे दिसतात, त्यांतल्या बऱ्याचशांवर माझा तरी विश्वास बसत नाही.

आता ४१पीकडे. अ‍ॅरिझोनात हॅपी जॅक नावाच्या ठिकाणी लॉवेल वेधशाळेची ४.३ मीटरची दुर्बीण आहे. मार्च २०१७ च्या पहिल्या पंधरवड्यात तिच्यातून सीएनचे फोटो घेतले गेले, तेव्हा गाभ्यापासून निघून वळत गेलेले दोन फवारे दिसले. सीएन साधारण सेकंदाला एक किलोमीटरच्या आसपास वेगानं बाहेर पडतो. गाभ्याला एक फेरी मारायला वीस तास लागत असतील, तर तेवढ्यात आधीचा वायू साठ-सत्तर हजार किलोमीटर पुढं गेलेला असणार. ४१पी तेव्हा इतका जवळ होता की एवढं अंतर आकाशात चंद्रबिंबाच्या तिसऱ्या हिश्शाएवढं भरत होतं. दीड किलोमीटरची वस्तू दिसत नाही, पण तिनं काढलेलं वळण आरामात मोजता येतं. तासातासानं फोटो घेत राहायचं. फवारे फिरत फिरत परत पहिल्या फोटोसारखे जुळले की एक गिरकी झाली.

ऐकायला सोपं. गंमत वेळ जुळण्यात आहे. धूमकेतू एका ठिकाणाहून रात्री काही तासच दिसतो, आणि रोज जवळपास त्याच वेळी. समजा गाभा बरोबर चोवीस तासांत फिरतोय, तर रोज रात्री तोच चेहरा समोर येणार आणि बघणाऱ्याला वाटणार की हा फिरतच नाही. बारा तासांचा असला तरी तीच गत. ४१पी वीसवरून शेहेचाळीसकडे निघालेला, म्हणजे वाटेत चोवीस लागणारच होते. यावर उपाय दोन. एक, पृथ्वीवर वेगवेगळ्या रेखांशांवरून बघणं. अ‍ॅरिझोनात दिवस उगवतो तेव्हा दुसरं कुणीतरी दुर्बीण उघडतं. दुसरा उपाय, पृथ्वीवरून बघायचंच नाही.

मे महिन्यात बोडेविट्स यांनी दुसरा मार्ग धरला. २००४ मध्ये सोडलेला स्विफ्ट हा नासाचा उपग्रह मुळात गॅमा किरणांचे स्फोट पकडायला बनवलेला. त्यावर ३० सेंटिमीटरची एक छोटी अतिनील दुर्बीण आहे. तिच्यातून फवाऱ्यांचे आकार दिसत नाहीत. पण गाभ्याजवळचा उजेड कमी-जास्त होताना दिसतो: जोमदार भाग उन्हात आला की वायू वाढतो, सावलीत गेला की घटतो. हा चढउतार लॉवेलच्या वीस तासांशी जुळेना. तो शेहेचाळीस ते साठ तासांच्या दरम्यानच्या गिरकीशी जुळत होता. त्याच हंगामात डेव्हिड श्लायशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॉवेलहूनच सीएनच्या फवाऱ्यांचा पाठलाग चालू ठेवला होता, आणि त्यांनाही गिरकी आठवड्यागणिक लांबत चाललेली दिसली. दोन वेगळ्या पद्धती, निकाल एकाच दिशेचा. माझ्या मते या सगळ्या प्रकरणाची खरी भिस्त इथं आहे.

कारण एकट्या उजेडाच्या चढउतारावर विसंबलं की फसायला होतं, हे हॅलेनं शिकवून ठेवलंय. १९८६ मध्ये हॅलेच्या गिरकीवरून मोठी जुंपली होती. जुन्या फोटोंतले धुळीचे फवारे आणि जपानच्या सुईसेई यानानं पाहिलेला हायड्रोजनचा चढउतार म्हणे २.२ दिवस. रॉबर्ट मिलिस आणि श्लायशर यांच्या मोजणीत वायूचा उजेड ७.४ दिवसांनी पुन्हा तसाच व्हायचा. दोन्ही बाजूंची मोजमापं भक्कम. शेवटी निघालं ते असं, की हॅलेचा लांबोडका गाभा एकाच अक्षाभोवती गुमान फिरत नाही. तो डुलत डुलत फिरतो आणि त्याच्या गतीत दोन्ही काळ गुंतलेले आहेत.

आता मंदावण्याचं कारण. दिवाळीतलं भुईचक्र डोळ्यांपुढं आणा. दारू एका अंगाला पेटते, ठिणग्या एका दिशेनं सुटतात आणि चक्र उलट दिशेला फिरतं. ठिणग्यांची गोल रेघही आपल्याला दिसते. धूमकेतूचं तत्त्व तेच, फरक एवढाच की चक्र बनवणारा सगळी दारू एकाच बाजूला वळवून भरतो आणि धूमकेतूच्या फवाऱ्यांना कुणी दिशा ठरवून दिलेली नसते. कुठला फवारा गिरकीच्या दिशेनं ढकलतो, कुठला विरुद्ध. बहुतेक धूमकेतूंत त्यांची आपापसात वजाबाकी होऊन फारसं काही उरत नाही. ६७पी या धूमकेतूच्या सोबतीला रोझेटा यान दोन वर्षं होतं. त्याची बारा तासांची गिरकी २०१५ मध्ये सूर्याजवळून जाताना वीसेक मिनिटांनीच बदलली. १०३पी हार्टली २०१० मध्ये सतरा तासांच्या आसपास होता तो दोन-तीन महिन्यांत अठराच्या वर गेला, तेव्हा तेवढ्याचंसुद्धा अप्रूप वाटलं होतं.

फवाऱ्यांच्या ढकलण्याचा विचार जुनाच आहे. १९५० मध्ये फ्रेड व्हिपल यांनी धूमकेतूचा गाभा बर्फाचा मळकट गोळा असल्याचं मांडलं, ते एका वेगळ्याच कोड्यापोटी. एन्के नावाचा धूमकेतू दर फेरीला अडीचेक तास लवकर यायचा. व्हिपल म्हणाले, गाभा फिरतो, ऊन डोक्यावर येऊन गेल्यावर थोड्या वेळानं तो जास्त तापतो, त्यामुळं वायू जरा तिरका सुटतो आणि गाभ्याला कक्षेत ढकलतो. गोळ्याला कक्षेत ढकलणारी गोष्ट त्याला पिरगाळणारही, हे त्यातच आलं.

४१पीला हे पिरगाळणं एवढं का भोवलं? एकतर तो चिमुकला, आणि जितका गाभा लहान तितका तो वळवायला सोपा. दुसरं, त्याचा निम्म्याहून जास्त पृष्ठभाग वायू सोडत होता. बऱ्याच धूमकेतूंत हे प्रमाण काही टक्क्यांपुरतंच असतं. तिसरं, मुळात तो सावकाश फिरत होता, त्यामुळं थोडासा अडसरही जाणवला. आणि चौथं नशीब: त्याचे फवारे नेमके गिरकीच्या विरुद्ध बाजूला रोखलेले निघाले. ज्या सीएनच्या वळणावरून आपण त्याची गिरकी वाचतो, त्या वळणाबरोबर बाहेर पडणारा वायूच गिरकीला आवर घालत होता. त्यातला मोठा वाटा अर्थात पाण्याच्या वाफेचा, पण वाफ आणि सीएन दोन्ही सुटतात त्याच उन्हात.

हिशेब मागं नेला, तर या धूमकेतूची पूर्वीची गिरकी फार वेगवान असली पाहिजे. धूमकेतूंचे गाभे भुसभुशीत. ६७पीची घनता पाण्याच्या निम्मी निघाली. असा ढिगारा चार-पाच तासांत एक गिरकी घेऊ लागला तर स्वतःला धरून ठेवणं त्याला अवघड. १९७३ मध्ये हाच ४१पी अचानक दोनदा भडकला होता, दर वेळी सुमारे दहा प्रतींनी, म्हणजे दहा हजार पटींच्या आसपास. वेगानं फिरताना कडे कोसळून ताजा बर्फ उघडा पडला असेल, अशा जोडण्या आता करून बघता येतात. तसा हा धूमकेतू पहिल्यापासूनच हुलकावण्या देणारा. १८५८ मध्ये होरेस टटल यांना दिसला आणि हरवला. १९०७ मध्ये मिशेल जियाकोबिनी यांनी नव्यानं शोधला, परत हरवला. १९५१ मध्ये लुबोर क्रेसाक यांनी शोधला, तेव्हा कुठं तिघांचा धूमकेतू एकच असल्याचं पक्कं झालं. म्हणून त्याच्या नावात तिघंही आहेत.

हिशेब पुढं नेला तर? विरुद्ध जोर चालूच राहिला, तर गिरकी थांबेपर्यंत मंदावेल, मग गाभा डुलायला लागेल किंवा उलट दिशेनं फिरायला लागेल. भौतिकशास्त्रात याला कुठलीच आडकाठी नाही.

महाराष्ट्रातून या कामात काय होऊ शकतं, हे मला सारखं विचारतात. पुण्याहून ८० किलोमीटरवर गिरवलीला आयुका या खगोलशास्त्र केंद्राची २ मीटरची दुर्बीण आहे. रोझेटा ६७पीपाशी पोचण्याच्या काही वर्षं आधी तिच्यातून त्याच धूमकेतूच्या धुळीवरून येणाऱ्या उजेडाचं ध्रुवीकरण मोजलं गेलं होतं. लडाखमध्ये हान्लेला साडेचार हजार मीटर उंचीवर हिमालयन चंद्र दुर्बीण आहे, आणि शेजारीच आयआयटी मुंबई नि बंगळुरूच्या खगोलभौतिकी संस्थेची ०.७ मीटरची दुर्बीण. रेखांशाचा मुद्दा वर आलाच. अ‍ॅरिझोना आणि आपल्यात जवळपास अर्ध्या पृथ्वीचा फरक. तिकडचा दिवस म्हणजे इकडची रात्र. धूमकेतूच्या बाबतीत ही आपली जमेची बाजू आहे, आणि ती दुर्बिणीच्या आकारावर अवलंबून नाही.

हौशी माणसाला सीएनचा फिल्टर परवडायचा नाही. पण हिरव्या कार्बनचे आणि धुळीचे फोटो परवडतात, आणि मोठा धूमकेतू जवळ आला तर त्यांतही फवारे उतरतात. फक्त काही पथ्यं आहेत. एका रात्रीत एकच सुंदर फोटो काढून झोपायचं नाही. तासाच्या अंतरानं शक्य तितके काढायचे. प्रत्येकावर वेळ सेकंदापर्यंत नोंदवायची, आणि ती जागतिक वेळेत. कॅमेऱ्याचं घड्याळ आधी मिळवून घ्यायचं. कच्च्या फाइली पुसायच्या नाहीत, धार वाढवणारं बटण दाबून तेवढीच प्रत ठेवायची नाही. ग्रुपवर टाकायला एक नटवलेली प्रत वेगळी करा हवी तर. ४१पी साडेपाच वर्षांनी फेरी मारतो. २०२२ ची फेरी पृथ्वीवरून बघायला गैरसोयीची होती. पुढची २०२८ च्या सुरुवातीला आहे.